चौदा टाक्यांची लाट

क्रोशाच्या ब्लँकेटबद्दल कुणी लिहिलंच, तर 'हातानं केलेल्या भेटीची ऊब' इथं लेख सुरू होतो आणि तिथंच संपतो. ऊब असते, नाही कोण म्हणतंय? पण ऊब दुकानातल्या मिंक ब्लँकेटमध्येही असते, आणि खरं सांगायचं तर जास्तच असते. नागमोडी लाटांचं ब्लँकेट, ज्याला विणणारे 'रिपल' म्हणतात, ती एक रचना आहे. तिचे नियम आहेत. ती जमू शकते, फसू शकते. तिच्याकडे प्रेमाचा पुरावा म्हणून न बघता रचना म्हणून बघितलं, तर आपण आजवर काय काय न बघता पुढं गेलो ते दिसायला लागतं.

आधी लाट होते कशी ते बघू. क्रोशात सरळ ओळ विणायची तर खालच्या प्रत्येक टाक्यात एक खांब घालायचा. लाटेसाठी दोनच गोष्टी जास्तीच्या लागतात. शिखर हवं तिथं एका टाक्यात दोन खांब घालायचे, आणि दरी हवी तिथं दोन टाक्यांवरचे खांब वर एकत्र मिटवायचे. समजा चार साधे खांब, मग चार टाक्यांचे मिटवून दोन, पुन्हा चार साधे, आणि मग दोन टाक्यांत दोन-दोन. खालच्या ओळीतले चौदा टाके वापरले आणि वर पुन्हा चौदाच उभे राहिले. जितकं वाढवलं तितकंच कमी केलं. म्हणून शंभर ओळी झाल्या तरी ब्लँकेटची रुंदी तीच राहते, आणि कापड मात्र वर-खाली हेलकावत जातं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे प्रत्येक फेरीत न बदलणारी अशी एखादी संख्या दिसली की मला उगाच सुरक्षित वाटतं.

हा समतोल किती नाजूक आहे हे कळायला तो मोडून बघावा. फक्त वाढवत गेलं, म्हणजे दर काही टाक्यांमागे एक जास्तीचा, आणि कमी काहीच केलं नाही, तर कापड सपाट राहूच शकत नाही. त्याला झालरीसारख्या चुण्या पडतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच केलं. हायपरबोलिक प्रतल, म्हणजे जिथं एका बिंदूतून एकाच रेषेला अनेक समांतर रेषा काढता येतात ती भूमिती, शिकवायला कागदाची मॉडेल होती. ती हाताळता हाताळता फाटायची. ताइमिन्यांनी सुई घेतली आणि ते प्रतल विणून काढलं. त्यावरच्या त्यांच्या पुस्तकाला पुढं २०१२ चा ऑयलर पुरस्कार मिळाला. मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी त्याच तंत्रातून २००५ पासून लोकरीचे प्रवाळ विणायला आणि विणवून घ्यायला सुरुवात केली. ते प्रवाळ २०१९ मध्ये थेट व्हेनिस बिएनालेत पोचले.

मला यात आनंद आहे आणि एक खटकणंही आहे. सुई तीच, खांब तोच, एका टाक्यात दोन घालायची युक्तीही तीच. वाढवलेले टाके तसेच सोडले की ते गणित होतं, कला होते. ते परत मिटवून कापड अंगावर घेण्याजोगं सपाट केलं, की 'आत्यांचा वेळ छान जातो'. म्हणजे उपयोगी पडणं हाच गुन्हा की काय?

रचनेकडे परत येतो. क्रोशाच्या ब्लँकेटांमध्ये जास्त मान आज ग्रॅनी स्क्वेअरला आहे. फॅशन शोमध्ये तो दिसतो, अमेरिकन मालिकांमधल्या सोफ्यांच्या पाठीवर तो असतो, 'रोझॅन'मधला तर प्रसिद्धच आहे. चौकोनाचा फायदा उघड आहे. छोटे छोटे तुकडे, लोकलमध्ये उभ्यानंही होतात, एखादा बिघडला तर फेकून दुसरा. आमच्या भाषेत सांगायचं तर चौकोन म्हणजे मायक्रोसर्व्हिसेस आणि लाट म्हणजे मोनोलिथ. पहिल्याच साखळीत रुंदी ठरते आणि नंतर ती बदलत नाही. तिसाव्या ओळीनंतर ते पिशवीतून नेता येत नाही. अर्ध्यावर आलं की ते विणणाऱ्याच्याच मांडीवर पसरतं आणि एप्रिलमध्ये जीव नको करतं. पण चौकोनांच्या ब्लँकेटला सांधे असतात आणि ते दिसतात. लाटेला सांधा नसतो. नजर एका काठावरून निघाली की थेट दुसऱ्या काठावर जाऊन थांबते.

तरी लाट नेहमीच छान दिसते असं नाही. आपल्याकडे ती बहुतेक वेळा रंगांत फसते. टाका दर ओळीला तोच असल्यामुळे सगळा भार रंगावर येतो, आणि रंग बदलतो तो ओळीच्या टोकालाच. मिसोनी या इटालियन घराण्याच्या (सुरुवात १९५३) नागमोडी कापडाशी तुलना करून बघा. ते यंत्रावरचं निटिंग, क्रोशे नव्हे. पण तिथं एका रेघेच्या आतही रंग सरकत राहतो, म्हणून तो झिगझॅग थरथरल्यासारखा दिसतो. आपल्या रिपलमध्ये प्रत्येक रेघ सलग. मग शेजारी कोण बसवायचं हाच प्रश्न उरतो. गडद निळ्याशेजारी पांढरा ठेवला की लाटेचा करवतीसारखा दात दिसतो. निळा, त्याहून जरा फिका निळा, मग राखाडी असं गेलं की लाट मऊ होते. घरात उरलेल्या लोकरीच्या गुंड्या संपवायच्या म्हणून केलेली ब्लँकेटं बहुधा आरडाओरडा करतात. पण कधीकधी त्यांच्यातच असा एक मोरपंखी पट्टा येऊन बसतो, जो ठरवून कुणालाच सुचला नसता. या प्रकाराचा मी चाहता आहे, आणि त्याबद्दल माझं मत तटस्थ नाही.

ब्रिजेट रायली यांचं १९६३ चं 'फॉल' हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. काळ्या-पांढऱ्या वक्र रेघा, शेजारी शेजारी. मोबाईलच्या स्क्रीनवरही बघितलं तरी डोळे गरगरतात. लाट तीच, मग ब्लँकेट बघून गरगरत का नाही? रायलींच्या रेघा खाली येताना आकसत जातात, एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंतचं अंतर कमी कमी होतं. पुढचं वळण कुठं येणार याचा अंदाज डोळ्याला लागत नाही. ब्लँकेटमध्ये चौदा म्हणजे चौदा. दोन-तीन लाटा बघितल्या की डोळा निर्धास्त होतो. कंटाळवाणी म्हणून जिला नावं ठेवतात ती पुनरावृत्तीच इथं झोप आणते, आणि पांघरुणाकडून आपल्याला दुसरं काय हवं असतं?

याच कारणानं लाट लहान वस्तूंत सहसा जमत नाही. मफलरच्या रुंदीत जेमतेम दीड लाट बसते, ती हेतूपेक्षा चूक वाटते. मफलर लांबीच्या बाजूनं विणला तर वेगळी गोष्ट. टोपीला खालच्या कडेवर छान कंगोरे येतात, पण ते वर डोक्याच्या घेरात मिटवताना सगळी लय जाते. उशीचा अभ्रा चालतो. बाळाचं दुपटं उत्तम. ब्लँकेटच्या वर-खालच्या कडा सरळ दिसाव्यात म्हणून काहीजण दऱ्या भरून काढतात. मला ते पटत नाही. लाट आहे तर कडेलाही लाटच असू दे.

'टेंपरेचर ब्लँकेट' नावाचा प्रकार रील्सवर बघितला असेल. रोज एक ओळ, त्या दिवसाच्या तापमानाचा रंग, वर्षाच्या ३६५ ओळी. थंड देशांत त्याला अर्थ आहे. मुंबईत केलं तर नारिंगीच्या तीन छटा आणि पावसाळ्यात चौथी.

आता पैशांचं बोलू, कारण भेटवस्तूबद्दल बोलताना तेच टाळलं जातं. तेरा लाटा म्हणजे १८२ टाके, शंभर ओळी म्हणजे १८,२०० टाके. मिनिटाला पंधरा टाके या बऱ्या वेगानं वीस तास होतात. हे मांडीवर मावेल एवढ्याच ब्लँकेटचं, आणि रंग बदलताना सुटलेली टोकं आत ओवण्याचं काम वेगळं. तासाला नुसते १०० रुपये धरले तरी मजुरीच २,००० होते. शिवाय क्रोशे हे निटिंगसारखं कारखान्यातल्या यंत्रावर उतरलेलं नाही. बाजारात येणारा खरा क्रोशे आजही हातानंच होतो. तेव्हा ऑनलाइन ७९९ रुपयांत 'क्रोशे टॉप' दिसला, तर एकतर ती यंत्राची नक्कल असते, नाहीतर कुठंतरी कुणीतरी तो फार कमी पैशांत विणलेला असतो.

कुठंतरी म्हणजे कुठं, तर उदाहरणार्थ आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं नरसापूर. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथं लेसकाम नेलं, आणि आज नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकनही आहे (२०२४). जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचं नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवरचं पुस्तक १९८२ चं. त्यांचा मुद्दा सरळ आहे: जगाच्या बाजारासाठी माल बनवणाऱ्या या बायकांना कामगार न म्हणता 'गृहिणी' म्हटलं गेलं, काम 'फावल्या वेळातलं' ठरलं, आणि म्हणूनच मजुरी इतकी कमी ठेवता आली. व्यापार पुरुषांच्या हातात, सुई बायकांच्या. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातल्या दुष्काळात क्रोशेनं घरं जगवली होती. हे काम रिकामपणाचं कधीच नव्हतं, त्याला तसं म्हणणं कुणाच्या तरी सोयीचं होतं.

'फावला वेळ' हा शब्द मी आमच्या घरात आयुष्यभर ऐकला. सांगलीची आत्या चाळीस वर्षं विणते आहे. टीव्हीवरचे रुमाल, तोरणं, प्रत्येक भाच्याची टोपडी, आणि माझ्या अंदाजानं किमान अकरा रिपल ब्लँकेटं. मी विणायला तिच्याकडूनच शिकलो. मी बहिणीच्या लग्नात पहिलं ब्लँकेट दिलं तेव्हा त्याचे फोटो निघाले, स्टेटसला लागले, 'इंजिनिअर असून विणतो' म्हणून तीन काकांनी पाठ थोपटली. आत्या तिथंच बसली होती. त्याच लग्नात तिनंही एक दिलं होतं, रंगांच्या बाबतीत माझ्याहून कितीतरी सरस: विटकरी, मातकट गुलाबी, मग अचानक एकच हळदी पट्टा. ते कुणी उघडूनही बघितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आत्या विणतेच.

मी तिला नंतर विचारलं, "तुला राग नाही आला?" तर म्हणाली, "अरे, तुझ्या दऱ्या जरा ओढल्यात. मिटवताना दोरा सैल सोड."

टीका म्हणावी तर ही. अख्ख्या मांडवात माझ्या ब्लँकेटकडे ब्लँकेट म्हणून बघणारी ती एकटीच होती. तिच्या अकरांकडे तसं बघितलं गेलं असतं, तर तिनं कोणते रंग कधी सोडले, लाट चौदावरून सोळावर कधी नेली, हे सगळं आज आपल्याला माहीत असतं. मी आता ती गोळा करतो आहे. फोटो काढतो, टाके मोजतो, साल विचारून लिहून ठेवतो. सात सापडली. बहुतेक पलंगाच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. वास्तविक ती ॲक्रिलिकची आहेत, त्यांना कसर खात नाही, गोळ्यांची काही गरज नव्हती. एक मात्र चुलतभावाच्या मुलानं वापरून वापरून विरवलंय, एका कोपऱ्यातली दरी पूर्ण उसवली आहे. ते मागितलं तर तो द्यायला तयार नाही. टाके मोजायचे तर तो झोपल्यावर मोजावे लागतात.