झपाटलेली निगेटिव्ह

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) जोनाथन हार्कर हा तरुण वकील ट्रान्सिल्व्हेनियाला जातो, तो काउंटला लंडनजवळचं एक जुनाट घर विकत घेऊन देण्यासाठी. त्या घराचे निरनिराळ्या बाजूंनी फोटो काढल्याचं तो काउंटला सांगतो. फोटो काढलेत कोडॅकवर, जो बाजारात येऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. सगळी कादंबरीच अशा पुराव्यांची आहे. डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं, जहाजाची नोंदवही. गॉथिक साहित्याची ही जुनी खोड. होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ प्रसिद्ध केली, तीही जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद असल्याची बतावणी करून. कागद खरा वाटला तरच त्यातलं भूत अंगावर येतं.

आणि फोटोइतका खरा वाटणारा कागद दुसरा कुठला? फोटोवर हात फिरवून गॉथिकचं वातावरण उभं करू पाहणाऱ्या कलावंताचा पेच इथेच आहे. फेरफार फार झाला की पुरावाच खोटा पडतो आणि सोबत भीतीही जाते. काहीच केलं नाही, तर हाती उरतं एक पडकं घर. गेल्या दीडशे वर्षांतलं या प्रकारातलं चांगलं काम या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत झालं आहे. आज संगणकाने सगळं सोपं केल्यावर त्या जागेकडे फिरकणारे मात्र कमी झालेत.

सुरुवात व्हिक्टोरियन काळातच झाली. हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून ‘फेडिंग अवे’ हे चित्र केलं. क्षयाने खंगलेली मुलगी, भोवती घरच्या बायका, आणि खिडकीशी पाठमोरा उभा पुरुष. असलं दुःख फोटोत दाखवावं का, म्हणून तेव्हा लोक चिडले होते. चित्रातल्या मृत्यूची त्यांना सवय होती; फोटोतला मृत्यू त्यांना खरा वाटला. पुढच्याच दशकात बोस्टनच्या विल्यम ममलरने गिऱ्हाइकांच्या फोटोत त्यांचे मेलेले नातलग ‘उमटवून’ दाखवायला सुरुवात केली. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला आणि तो सुटला. त्याचे फोटो आज पाहिले तर कारागिरी बेतास बात वाटते, पण गिऱ्हाईकच विश्वास ठेवायला उतावीळ होतं.

विसाव्या शतकात अमेरिकेत या कलेवरून चांगलीच जुंपली. विल्यम मॉर्टेन्सनने एडगर अॅलन पोच्या ‘द पिट अँड द पेंड्युलम’सारख्या कथांवरून चित्रं केली. प्रिंटवर तो पूड घासायचा, ब्लेडने खरवडायचा, पोत चढवायचा. शेवटी फोटो कुठे संपतो आणि कोरीव छापचित्र कुठे सुरू होतं ते कळत नसे. शुद्ध, काटेकोर छायाचित्रणाचा पुरस्कर्ता अॅन्सेल अॅडम्स त्याला ‘अँटिख्राइस्ट’ म्हणायचा. पुढे इतिहास लिहिला गेला तो अॅडम्सच्या बाजूच्या लोकांकडून, आणि मॉर्टेन्सन त्यातून जवळपास गाळला गेला. हा अन्याय होता यात शंका नाही. तरीही त्याच्या पो-चित्रांसमोर खरंच भीती वाटते का? फारशी नाही. चेटकीण डोळे वटारते, नट मेकअप करून उभे असतात, आणि आपण रंगमंच बघत असतो.

त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये क्लॅरेन्स जॉन लाफलिन वेगळ्या वाटेने चालला होता. लुइझियानातल्या उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवरचे मालकांचे प्रासाद तेव्हा ओसाड पडले होते. खांब उभे, छप्पर खचलेलं, झाडांवरून शेवाळासारख्या जटा लोंबणाऱ्या. लाफलिनने त्यांची सरळ चित्रंही काढली आणि काहींत डबल एक्स्पोजरने काळ्या बुरख्यातली बाई, भिंतीतून वर येणारा चेहरा, उघड्या दारामागे भलतंच आकाश मिसळलं. ‘घोस्ट्स अलाँग द मिसिसिपी’ हे त्याचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं. त्याने चितारलेला बेल ग्रोव्ह हा अवाढव्य प्रासाद पुढे १९५२ मध्ये जळून गेला. लाफलिनचं बळ असं की घर खरं आहे, ठिकाणाचं नाव खरं आहे, पडझड खरी आहे. बनावट आहे ती एक पातळ सावली. आपली नजर आधी घरावर विश्वास ठेवते, मग नाइलाजाने सावलीवरही. दोष द्यायचा तर एकच, पण मोठा: त्याची भुतं बहुतेक मालकांच्या घरातली आहेत. ज्या गुलामांच्या घामावर ते खांब उभे राहिले, ती माणसं या चित्रांत फारशी झपाटायला येत नाहीत. लाफलिनच्या लांबलचक, काव्यमय तळटिपाही ही उणीव भरून काढत नाहीत.

इंग्लंडच्या सायमन मार्सडनने (१९४८–२०१२) तर फेरफाराचं बरंचसं काम फिल्मवरच सोपवलं. इन्फ्रारेड फिल्म आणि लेन्सवर गडद लाल फिल्टर. हिरवी पानं इन्फ्रारेड किरण भरपूर परावर्तित करतात, म्हणून ती बर्फासारखी पांढरी उमटतात. निळं आकाश काळवंडतं. कोडॅकच्या या फिल्मला प्रकाश पसरू न देणारा मागचा थर नव्हता, त्यामुळे उजळ भागांभोवती धूसर वलय यायचं. भर दुपारी काढलेला आयर्लंडमधला भग्न वाडा रात्रीच्या कुठल्यातरी अनोळखी प्रहरातला वाटे. १९८८ च्या ‘व्हिजन्स ऑफ पो’ या पुस्तकात मार्सडनने पोच्या मजकुरासोबत अशी ठिकाणं ठेवली. कथेतला प्रसंग रंगवायच्या भानगडीत तो पडला नाही, आणि म्हणूनच ते पुस्तक मॉर्टेन्सनच्या चित्रांपेक्षा पोच्या जास्त जवळ जातं. नारायण धारपांच्या कथांतला वाडा ज्या मराठी वाचकाला आठवतो, त्याला हे पटकन उमगेल. तिथेही बहुतेक काम दाराआडच्या खोलीने केलेलं असतं.

कोडॅकने ती फिल्म २००७ मध्ये बंद केली. आता डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून तसाच परिणाम साधता येतो, आणि ते जमत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये बटण आहेच.

बटणांचाच तर घोळ झाला. फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेयरची सोय आली. जेरी युल्समन डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर ओळीने मांडून, एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत जे जोडकाम करायचा, ते त्यानंतर कुणालाही टेबलाशी बसून करता येऊ लागलं. त्यातून एक ठराविक सामग्री रूढ झाली: धुकं, कावळे, पौर्णिमा, लांब झग्यातली पाठमोरी बाई, वर निळसर-हिरवी छटा आणि ओरखड्यांचा पोत. रहस्यकादंबऱ्यांची कितीतरी मुखपृष्ठं याच साच्यातली. चंद्र बाईच्या मागे आणि उजेड तिच्या तोंडावर समोरून, हे दहातल्या चारांत तरी दिसतं. सगळ्यांत खटकतं ते असं, की अशा चित्रात खरी म्हणावी अशी एकही वस्तू नसते. संशय घ्यायचा तो कशाचा?

ग्रेगरी क्र्यूडसन हा त्यातला अपवाद. ‘बिनीथ द रोझेस’ (२००३–०८) या मालिकेसाठी त्याने चित्रपटासारखा ताफा घेऊन छोट्या अमेरिकन गावांत दिवे लावले, मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यावर एकाच दृश्याच्या अनेक निगेटिव्ह घेतल्या आणि संगणकावर त्या एकत्र केल्या. परिणामी जवळची उशी आणि रस्त्यापलीकडची खिडकी सारखीच लख्ख दिसते. मानवी डोळ्याला असं कधी दिसत नाही. धुक्याचा कणही न वापरता साधं शयनघर पछाडलेलं वाटू लागतं.

मग यंत्राने बनवलेली चित्रं आली. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेनने सोनी वर्ल्ड फोटोग्राफीचा पुरस्कार नाकारला, कारण त्याचं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेलं होतं. जुन्या फोटोच्या रंगातल्या दोन स्त्रिया, एक दुसरीच्या आडोशाला. अस्वस्थ करणारं चित्र आहे हे मान्यच. पण ती अस्वस्थता जुन्या फोटोंच्या पुण्याईवर उधार घेतलेली आहे.

रॅन्सम रिग्जने २०११ च्या ‘मिस पेरेग्रिन्स होम फॉर पिक्युलिअर चिल्ड्रन’मध्ये उलटी रीत वापरली. संग्राहकांकडचे अनोळखी जुने फोटो त्याने निवडले, बहुतेकांना हातही लावला नाही, आणि त्यांभोवती गोष्ट विणली. त्यांतल्या करामती कुणा अनामिक हौशी माणसांनी केव्हाच करून ठेवल्या होत्या, अधांतरी मुलगीसुद्धा. टिम बर्टनच्या २०१६ मधल्या चित्रपटात हीच मुलं संगणकाच्या मदतीने हलू-उडू लागली. बघायला मजा येते. पुस्तकातला एखादा फोटो मात्र रात्री पालथा ठेवावासा वाटतो.