ज्योतिषाची पदवी आणि दीक्षितांचा ग्रंथ

गेल्या माघात आमच्या येथील, म्हणजे भोपाळच्या, मराठी मंडळींनी एक परिसंवाद ठेवला होता. विषय असा : विद्यापीठांनी निरुपयोगी पदव्या द्याव्यात काय? अध्यक्षस्थानी सचिवालयातून निवृत्त झालेले एक वडीलधारे गृहस्थ होते. समारोप करताना त्यांनी मराठी, संस्कृत, तत्त्वज्ञान आणि ज्योतिष अशी चार नावे एका दमात घेतली आणि या चारही पदव्यांचा कागद रद्दीच्या भावानेच जावयाचा, असा निकाल दिला. सभा हसली, आम्हीही हसलो. तिसऱ्या रांगेत आमच्या एका स्नेह्यांची कन्या बसली होती. मराठी घेऊन एम. ए. करावे असा तिचा बेत असून त्या बेतापायी त्या घरात दोन महिने जेवणाच्या वेळी कोणी सरळ बोलत नाही. ती हसली नाही. घरी परतताना आम्हांस आमच्याच हसण्याची लाज वाटली, आणि अध्यक्षांच्या रद्दीपेक्षा त्यांचा तो 'एक दम' अधिक खटकू लागला. या चार विद्यांना एका दोरीत बांधणारे असे त्यांच्यांत आहे तरी काय?

प्रथम ज्योतिषाचे पाहू, कारण या वादाला आपल्या देशात जोर चढला तो त्या विषयावरून. 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत 'ज्योतिर्विज्ञाना'चे विभाग उघडण्याची आणि त्या विषयात पदवी व पदव्युत्तर शिक्षण देण्याची योजना जाहीर केली. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राचे संस्थापक डॉ. पुष्पमित्र भार्गव यांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयात ते टिकले नाही. पुढे 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते फेटाळले. शैक्षणिक बाबतींत तज्ज्ञांच्या निर्णयात न्यायालयाने हात घालू नये आणि हा विषय कोणावर सक्तीचा नाही, ऐच्छिक आहे, असा त्या निकालाचा मुख्य रोख होता. 2021 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही ज्योतिषाची एम. ए. सुरू केली.

या सर्व गदारोळात दोन्ही पक्षांकडून जे लिहिले व बोलले गेले त्यात 'निरुपयोगी' हा शब्द सढळ हाताने वापरला गेला. आमच्या मते तो येथे सर्वस्वी चुकीचा शब्द आहे. ज्योतिष निरुपयोगी आहे असे कोण म्हणेल? ज्याला कुंडली मांडता येते तो या देशात उपाशी मरत नाही. बदलीचा हुकूम येणार की नाही, बढतीच्या यादीत नाव कितव्या क्रमांकाला, हे विचारावयास कोणकोणत्या दर्जाचे अधिकारी कोणाकोणाच्या ओसरीवर बसतात, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. त्या दिवशीच्या अध्यक्षांनी आपल्या धाकट्या मुलीच्या विवाहाच्या वेळी तीन स्थळे केवळ पत्रिका जुळत नाही म्हणून परत पाठविली होती, हेही सभेतील पुष्कळांस ठाऊक होते. तेव्हा उपयोग हेच माप लावावयाचे तर ज्योतिषाची पदवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल आणि मराठीची, तत्त्वज्ञानाची, कदाचित शुद्ध गणिताचीही, नापास होईल. हे माप ज्यांनी हाती घेतले त्यांनी ते शेवटपर्यंत लावून पाहिलेले दिसत नाही.

आणि हे माप काही नवे नाही. 2 फेब्रुवारी 1835 च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात मेकॉले याने तेच वापरले होते. संस्कृत व अरबी शिकणाऱ्यांस सरकारला पदरचे विद्यावेतन द्यावे लागते, इंग्रजी शिकणारे मात्र आपण होऊन पैसे मोजतात. मग लोकांना काय हवे हे उघड नाही काय, असा त्याचा युक्तिवाद. त्याच टिपणात कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजातून बाहेर पडलेल्या काही विद्यार्थ्यांच्या अर्जाचा उल्लेख आहे. दहा-बारा वर्षे अध्ययन केले, प्रावीण्याची प्रमाणपत्रे मिळाली, आणि आता पोट कसे भरावे हे कळत नाही, अशी त्या अर्जदारांची तक्रार. मेकॉलेने तो अर्ज मोठ्या समाधानाने पुरावा म्हणून मांडला आहे. निरुपयोगी पदवीबद्दलची इतकी जुनी तक्रार आमच्या वाचनात दुसरी नाही; परिसंवादात आपण जे बोललो ते सारे पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे शिळे अन्न होते, हे मनाशी कबूल करणे भाग आहे. याच टिपणात मेकॉलेने भारतीय खगोलविद्येचीही यथेच्छ थट्टा केली आहे.

आता योगायोग पाहा. मेकॉले कलकत्त्यास हे लिहीत होता त्याच सुमारास आमच्या भोपाळपासून जवळच, सीहोरच्या छावणीत, लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचा पोलिटिकल एजंट एक निराळाच प्रयोग करीत होता. पुराणांतील सपाट पृथ्वीच्या कल्पना घेऊन आलेल्या पंडितांस त्याने थेट कोपर्निकस शिकविला नाही. त्याने त्यांच्यापुढे त्यांच्याच भास्कराचार्यांचा, 1150 सालचा 'सिद्धान्तशिरोमणि' उघडला. पृथ्वी गोल आहे आणि ती निराधार आहे हे तुमचेच आचार्य सांगतात. तेथवर आलात, आता एक पाऊल पुढे टाका, असा त्याचा क्रम होता. 1834 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्याच्या सहवासातील सुबाजी बापू या पंडिताने 1836 च्या सुमारास या विषयावर 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे पुस्तक लिहिले, आणि ते मराठीत लिहिले! परप्रांतात बसून मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांचा हा पूर्वज. आपल्यापैकी किती जणांस त्याचे नाव ठाऊक आहे?

सीहोरच्या त्याच शाळेत नगरकडचा एक मराठी मुलगा शिकला. तो पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित व ज्योतिष यांचा अध्यापक झाला आणि बापूदेवशास्त्री या नावाने कीर्तीस चढला. विल्किन्सनने केलेले 'गोलाध्याया'चे इंग्रजी भाषांतर विल्किन्सनच्या मृत्यूनंतर बापूदेवांच्या हातून तपासले जाऊन 1861 मध्ये छापले गेले. सारांश, मेकॉले ज्या विद्येस हसला तीच विद्या नीट धरली असता माणसास कोठे नेते, याचे प्रत्यक्ष उदाहरण त्याच्याच हयातीत, त्याच्याच सरकारच्या एका अधिकाऱ्याने घालून दिले होते.

याच परंपरेचे सर्वोत्कृष्ट मराठी फळ म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा 1896 चा ग्रंथ. या पदवीच्या वादात दीक्षितांचे नाव कोणी घेतल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही, आणि आमची मुख्य तक्रार हीच आहे. दीक्षित विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी धुळे, पुणे अशा ठिकाणी बदलीची शिक्षकाची नोकरी केली आणि त्या नोकरीतून उरलेल्या वेळात हा ग्रंथ सिद्ध केला. दोन वर्षांनी, 1898 मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास ते वारले. मराठी न येणाऱ्या अभ्यासकांची त्यावाचून इतकी अडचण होत राहिली की, स्वातंत्र्योत्तर काळात भारत सरकारच्या वेधशाळा खात्याने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

ग्रंथ हाती घेतला की पहिली गोष्ट जाणवते ती लेखकाचा स्वर. तो शाळामास्तरचा आहे, आणि हे आम्ही स्तुती म्हणून लिहितो. वेदकाल, वेदांगकाल, सिद्धान्तकाल अशा क्रमाने तो वाचकास नेतो. प्रत्येक ठिकाणी आकडे मांडतो, गणित करून दाखवितो, आणि ज्या वचनावर सारे अवलंबून ते वचन वाचकासमोर ठेवतो. शब्दांचा फुलोरा नाही. स्वदेशाभिमान आहे, पण तो गणिताच्या आड येत नाही. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा अर्थाचा उल्लेख आहे. दीक्षित विचारतात, हे डोळ्यांनी पाहून लिहिले असेल तर कृत्तिका त्या वेळी विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. आज त्या तेथे नाहीत. अयनचलनाची गती आपणांस ठाऊक आहे. मग उलटे गणित करा. उत्तर इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे असे येते. हा निष्कर्ष पुढे अनेक विद्वानांनी नाकारला आहे. त्या वचनाचा अर्थ इतका काटेकोर घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हांसही प्रतिपक्ष अधिक बळकट वाटतो. परंतु तो नाकारता येतो हीच त्याची थोरवी. दीक्षितांनी खंडनाची सर्व सामग्री आपल्या हातांनी प्रतिपक्षाच्या स्वाधीन केली आहे.

याच ग्रंथात जातकालाही, म्हणजे आपण ज्यास फलज्योतिष म्हणतो त्यालाही, स्थान आहे. ते असावयासच हवे. एका समाजाने दीड-दोन हजार वर्षे ज्यावर विश्वास ठेवला त्याचा इतिहास लिहिणे हे विद्वानाचे कामच आहे. म्हणून विद्यापीठाने ज्योतिषाला शिवूच नये असे म्हणणाऱ्या शास्त्रज्ञमंडळींशी आमचे जमत नाही. सिद्धान्तग्रंथ लावू शकणारा, जुन्या शिलालेखातील तिथिवार तपासू शकणारा पदवीधर या देशाला हवा आहे, आणि तो दुर्मिळ होत चालला आहे.

पण 2001 च्या योजनेने मागितले ते हे नव्हते. मानवी जीवनात घडणाऱ्या घटना कालक्रमाने कळविणारी विद्या, असा या विषयाचा गौरव तिच्या टिपणात होता. हे इतिहासाचे विधान नव्हे, सत्यतेचे आहे. आणि सत्यतेचे विधान केले की परीक्षा आलीच. ही परीक्षा घेण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झालेला आहे, आणि तो करणारे काशी हिंदू विद्यापीठाच्याच आवारात वाढले होते. जयंत नारळीकर यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे प्राध्यापक होते. ज्योतिषाचा विभागही त्याच विद्यापीठात आहे. 2008 मध्ये नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आदींच्या साहाय्याने दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. शंभर मुले बुद्धिमान, शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस कुंडल्या पाठवून कोणती कुंडली कोणत्या वर्गातील एवढेच विचारले. सत्तावीस जणांनी उत्तरे दिली. त्यांतील बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरीने शेकडा 46 पडले. एका संस्थेने दोनशेही कुंडल्या पाहिल्या. तिची 102 उत्तरे बरोबर आली. रुपया उडवून छापा-काटा पाहिला असता तर जवळजवळ एवढेच यश पदरात पडले असते.

यावर असा आक्षेप येतो की, एवढ्या एका प्रयोगाने शास्त्र खोटे ठरत नाही. मान्य. परंतु ज्यांना पदवी द्यावयाची त्यांनी तरी दुसरा, अधिक चांगला प्रयोग रचावा, आणि तो फसला तर तसे छापावे. दीक्षितांनी स्वतःच्या कालनिर्णयाला जे भोगावयास लावले ते जातकाला भोगावयास लावणारा एक जरी विभाग निघाला तरी आम्ही त्याच्या पदवीधरास मान देऊ. तसे होत नाही तोवर विद्यापीठ त्या कागदावर शिक्का मारते ते विद्येसाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी. ऐच्छिकपणाचा मुद्दा येथे फारसा कामाचा नाही. विद्यार्थी आपखुशीने शिकतो हे खरे. पण शिक्क्यावर विसंबणारा त्याचा यजमान वर्गात बसलेला नसतो.

आता मराठीच्या एम. ए. विषयी दोन शब्द. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघाले; आरंभी परीक्षेत मराठीस असलेली जागा थोड्याच वर्षांत काढून घेण्यात आली. तपासण्याजोगे वाङ्मय या भाषेत नाही, असा समज. न्यायमूर्ती रानडे यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि 1901 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, एम. ए. ला मराठीचा शिरकाव झाला. ज्या काळात विद्यापीठाला मराठी परीक्षेस अपुरी वाटत होती त्याच काळात धुळ्या-पुण्यास एक मॅट्रिक शिक्षक मराठीत हा ग्रंथ लिहीत बसला होता. रानड्यांच्या पक्षाला याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? आज काशीच्या त्या विद्यापीठात मराठीचाही विभाग आहे. त्याचे विद्यार्थी थोडे असतील, ज्योतिषाचे अधिक असतील. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

असो. परिसंवादानंतरच्या आठवड्यात आम्ही त्या स्नेह्यांकडे गेलो आणि हे सारे, अर्थात यापेक्षा पुष्कळ विस्कळीतपणे, त्यांच्यापुढे मांडले. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "पण नोकरीचे काय?" त्याचे उत्तर आम्हांजवळ नव्हते आणि आहे असा आव आम्ही आणला नाही, मराठीच्या अध्यापकाच्या जागा परप्रांतात किती हे त्यांस आमच्याइतकेच ठाऊक आहे. मुलीने मात्र दुसराच प्रश्न केला. सुबाजी बापूंच्या मराठीत 'गुरुत्वाकर्षणा'ला काय शब्द असेल, हे तिला हवे होते. 'आकर्षण' हा शब्द भास्कराचार्यांकडूनच आला असावा असे ती म्हणाली. आम्ही म्हटले, अंदाज नको, पुस्तक मिळवून पाहा. प्रबंधाला विषय होईल की काय, यावर मग दोघांचे बराच वेळ चालले. वडील मध्येच उठून आत गेले होते. ते परत आले आणि सीहोरला जाण्याचा रस्ता सध्या कसा आहे, रविवारी मोटार काढली तर दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येईल काय, असे त्यांनी आम्हांस विचारले.