हेराची मुद्रा आणि प्रेक्षकांचा कौल

एखादी चित्रपटमालिका दीर्घकाळ चालू राहिली म्हणजे तिच्या प्रेक्षकवर्गात दोन प्रश्न हटकून उपस्थित होतात. अमुक भूमिका अमुक नटाकडे द्यावयास हवी होती काय, हा पहिला. आणि दिग्दर्शनाची सूत्रे त्याच हाती राहावीत की अन्य हाती जावीत, हा दुसरा. विद्यापीठीय समीक्षा या चर्चेस हौशी मतप्रदर्शन समजून बहुधा बाजूस सारते. परंतु अशा मतांच्या मुळाशी काही निकष अव्यक्त रूपाने वावरत असतात. ते उघड करणे आणि त्यांची मर्यादा निश्चित करणे हे समीक्षेचेच कार्य होय. दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रपटमालिकेतील बहिर्जी नाईक या हेराची व्यक्तिरेखा अशा परीक्षणास विशेष अनुकूल आहे.

बहिर्जीचे ऐतिहासिक चरित्र फारच त्रोटक आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगी जासूद म्हणून त्याचा उल्लेख येतो. १६६४ च्या त्या स्वारीशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. त्याच्या वेषांतरांच्या कथा मात्र लोकस्मृतीने विपुल जतन केल्या आहेत. इतिहासाने मोकळी ठेवलेली जागा आख्यायिकेने भरून काढावी, हे हेराच्या बाबतीत स्वाभाविकच आहे. कारण ज्याचा माग राहत नाही तोच हेर यशस्वी. त्यामुळे त्याची भूमिका करणाऱ्या नटावर एखाद्या सर्वमान्य चित्राशी चेहरा जुळविण्याचे बंधन येत नाही.

या मालिकेत बहिर्जीचा चेहरा बदलत गेला आहे. ‘फर्जंद’ (२०१८) मध्ये प्रसाद ओक, ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) मध्ये हरीश दुधाडे आणि ‘शेर शिवराज’ (२०२२) मध्ये खुद्द दिग्दर्शक लांजेकर यांनी ही भूमिका केली. याच तीन चित्रपटांत शिवाजीमहाराजांची भूमिका चिन्मय मांडलेकर यांच्याकडे आणि जिजाबाईंची मृणाल कुलकर्णी यांच्याकडे कायम राहिली. हा भेद अर्थशून्य नव्हे. पूज्य व्यक्तीचे रूप मनात एकदा ठसले की ते पालटू नये, अशी प्रेक्षकाची धारणा असते. हेराचे रूप पालटले तर ती त्याच्या धर्माशी सुसंगतच गोष्ट ठरते. नटांतर हे येथे नकळत वेषांतराचे कार्य करते.

जेम्स बाँडच्या इंग्रजी चित्रपटमालिकेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. ‘डॉक्टर नो’ (१९६२) पासून ‘नो टाइम टू डाय’ (२०२१) पर्यंतच्या मुख्य मालिकेतील २५ चित्रपटांत सहा नटांनी ही एकच भूमिका केली. तेथे नायक हा व्यक्तीपेक्षा अधिक एक पद आहे. पद कायम राहते, पदाधिकारी बदलतो. तथापि प्रेक्षकाने हा बदल प्रत्येक वेळी सुखाने स्वीकारला असे नाही. २००५ मध्ये डॅनियल क्रेग यांची निवड जाहीर होताच त्यांच्या सोनेरी केसांवरूनदेखील आक्षेप घेतले गेले. पुढील वर्षी ‘कसिनो रोयाल’ प्रदर्शित झाल्यावर तो विरोध बराच ओसरला. याचे कारण असे की, या चित्रपटाने कथेचा आरंभच नव्याने केला आणि त्या नव्या कथेस अशाच रांगड्या नटाची गरज होती. पूर्वीच्या नटाशी साम्य हा आक्षेपकांचा निकष होता. प्रस्तुत कथेशी अनुरूपता हा निकष अखेर खरा ठरला.

मराठी मालिकेस हाच निकष लावला असता एक अडचण दृष्टीस पडते. तिच्या चित्रपटांचा क्रम इतिहासाच्या क्रमाने जात नाही. ‘फर्जंद’चा विषय १६७३ मधील पन्हाळ्याचा विजय, ‘फत्तेशिकस्त’चा १६६३ मधील लाल महालाचा छापा, ‘पावनखिंड’चा १६६० मधील बाजीप्रभूंचा पराक्रम, तर ‘शेर शिवराज’चा १६५९ मधील अफजलखानाचा वध. म्हणजे २०१८ ते २०२२ या काळात नट चार वर्षांनी वाढला आणि कथेतील महाराज चौदा वर्षांनी लहान झाले. अशा योजनेत केवळ चेहऱ्याचे सातत्य पुरेसे होत नाही. त्रेचाळीस वर्षांच्या राज्यकर्त्याचा ठेहराव आणि एकोणतिसाव्या वर्षीची साहसवृत्ती यांतील अंतर अभिनयातून जाणवले पाहिजे. पात्रयोजनेविषयी बोलणाऱ्या प्रेक्षकाने विचारावयास हवा तो हा प्रश्न. पण शिरपेच, दाढी आणि आवाज यांच्या तुलनेत तो हरवून जातो.

दिग्दर्शनाच्या बाबतीतही दोन्ही मालिकांची रीत भिन्न आहे. बाँडपटांत दिग्दर्शक बदलत गेले. जॉन ग्लेन यांनी १९८१ ते १९८९ या अवधीत सलग पाच चित्रपट केले, हा तेथील विक्रम. मराठी मालिका मात्र एकाच दिग्दर्शकाची निर्मिती आहे. यातून भाषेचा आणि भावनेचा एकसूर साधतो, हा लाभ. प्रत्येक प्रसंगाची उभारणी समान घाटाने होण्याचा संभव वाढतो, हा धोका. दिग्दर्शकानेच हेराची भूमिका पत्करणे या दृष्टीने सूचक आहे. कोणती बातमी कोणास केव्हा कळावी, हे ठरविणारा तो हेर आणि तोच दिग्दर्शक. परंतु पडद्यावर स्वतः वावरत असता स्वतःच्या कामाकडे तटस्थपणे पाहणे दुष्कर असते, हेही विसरता येत नाही.

नटांची तुलना करण्याची रीत मराठी रसिकास नवी नाही. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले. श्रीराम लागू यांच्यानंतर दत्ता भट व सतीश दुभाषी यांनीही अप्पा बेलवलकर उभे केले, आणि कोणाचे अप्पा अधिक खरे यावर रसिकांनी मनमुराद वाद घातले. त्या वादाचा विषय रंगमंचावरील काम हाच होता, म्हणून तो समीक्षेच्या कक्षेत राहिला. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच्या विपरीत घडले. आपल्या मुलाच्या नावावरून झालेल्या टीकेनंतर मांडलेकर यांनी यापुढे शिवाजीमहाराजांची भूमिका न करण्याचा निर्णय जाहीर केला. येथे भूमिकेचा प्रश्न नटाच्या घरात शिरला. नटाचे काम आवडले नाही असे सांगणे हा प्रेक्षकाचा अधिकार आहे. त्याच्या अपत्याचे नाव हा मात्र अभिनयाचा निकष होऊ शकत नाही. पूज्यभाव आणि भूमिका यांतील अंतर पुसले गेले की कौलाचे रूपांतर शिक्षेत होते.

कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ मध्ये स्वराज्यात आला. दिवा-वसई लोहमार्गावरील खारबावच्या प्रेक्षकास शिवकालीन चित्रपटातील इतिहास म्हणूनच परका नाही. तो त्याच्याच तालुक्याचा आहे. अशा प्रेक्षकाची आत्मीयता ही मालिकेची खरी शक्ती होय, आणि त्याचे मत तुच्छ लेखणारी समीक्षा स्वतःच दरिद्री ठरेल. मात्र आत्मीयतेने विवेकाची सोबत सोडता कामा नये. नटाला त्याच्या मुद्रेमागील कामावरून जोखावे, दिग्दर्शकाला त्याच्या कथेच्या बांधणीवरून. आणि मुखवटा उतरल्यावर त्या दोघांनाही आपापल्या घरी निर्वेधपणे जाऊ द्यावे.