संशोधनलेखाची मांडणी : विद्यार्थ्यांच्या लेखांवर कांहीं टीका

इतिहासविषयक संशोधनपर लेख लिहिण्याची हौस विद्यार्थिवर्गांत वाढत चालली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पूर्वीं ज्या कामास घरचें खाऊन गांवोगांव हिंडणारे दहापांच लोक मिळत, त्या कामास आतां पदवीच्या निमित्तानें कां होईना, पुष्कळ तरुण हात लावीत आहेत. परंतु असे लेख वाचण्याचा योग ज्यांस वारंवार येतो, त्यांस बहुतेकांत एकच दोष आढळतो. आणि तो श्रमांचा अभाव हा नव्हे. विद्यार्थी ग्रंथ चाळतो, टिपणें काढतो, क्वचित् मोडीही शिकतो. मात्र आपण काय शोधीत आहों हें त्यानें स्वतःस विचारलेलें नसतें. त्यामुळें लेखाचा आरंभ सह्याद्रीच्या वर्णनानें होतो, मध्यें राजवाडे व सरदेसाई यांचीं मतें एकापुढें एक मांडून ठेविलेलीं असतात, आणि शेवट थोर पुरुषांच्या गुणगौरवानें होतो.

विषय आणि प्रश्न या दोन भिन्न वस्तू आहेत. ‘शिवाजीमहाराजांचें बालपण’ हा विषय झाला. त्यावर शंभर पानें लिहितां येतील आणि त्यांत एकही विधान सिद्ध करावें लागणार नाहीं. ‘महाराजांचा जन्म शके १५४९ मधला कीं शके १५५१ मधला?’ हा प्रश्न झाला. त्याचीं दोन उत्तरें पुढें आलेलीं आहेत, दोन्ही एकदम खरीं असूं शकत नाहींत, आणि कोणत्या प्रकारचा पुरावा मिळाला असतां कोणतें उत्तर पडेल हें आधींच सांगतां येतें. ज्या प्रश्नाविषयीं एवढें सांगतां येत नाहीं तो अद्याप लेखास योग्य झाला नाहीं, असें खुशाल समजावें. हा जन्मतिथीचा वाद वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. तरी लेखाची बांधणी दाखविण्यास याहून सोईचें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं, म्हणून तेंच घेतों.

प्रश्न हातीं घेतल्यावर तो कशासाठीं सोडवावयाचा हें प्रथम दोन वाक्यांत लिहून पाहावें. पावणेतीन वर्षांच्या फरकानें काय बिघडतें, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. बिघडतें तें असें. १६७४ च्या जूनमध्यें राज्याभिषेक झाला तेव्हां महाराज एका तिथीप्रमाणें सत्तेचाळीस वर्षांचे होते, दुसरीप्रमाणें चव्वेचाळीस. ३ एप्रिल १६८० रोजीं ते वारले तेव्हां पन्नास वर्षें पुरीं होऊन दीड महिना लोटला होता, कीं त्रेपन्नावें वर्ष सरत आलें होतें, हेंही यावरच अवलंबून आहे. परंतु खरें महत्त्व आरंभकाळाचें. १६४५ च्या सुमारास मावळांत ज्या हालचाली दिसूं लागतात त्यांचा कर्ता पंधरा वर्षांचा मुलगा मानावयाचा कीं अठरा वर्षांचा तरुण, यावर जिजाबाईंचा व भोंवतालच्या वडीलधाऱ्यांचा त्यांतील वांटा किती धरावयाचा हें ठरतें. एवढें लिहितां आलें म्हणजे लेखाची प्रस्तावना झाली. तिला सह्याद्रीची गरज नाहीं.

यानंतर जुन्या मताचा पुरावा, त्या मताच्या कैवाऱ्यानेंही मान डोलवावी अशा रीतीनें मांडला पाहिजे. येथें विद्यार्थी हमखास घसरतो. शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख मास, हा काल बखरींच्या परंपरेनें आलेला असून मल्हार रामराव चिटणिसांची बखर त्या परंपरेंत प्रमुख आहे. ‘अनेक बखरी असें सांगतात’ असें लिहून विद्यार्थी बखरी मोजूं लागतो. बखरी मोजावयाच्या नसतात, त्यांची वंशावळ लावावयाची असते. एकीवरून दुसरी उतरली असेल, तर दहा बखरींची साक्ष एकाच साक्षीदाराची होते. शिवाय चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची, म्हणजे जन्मानंतर पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ गेल्यावर लिहिलेली. तिच्या कर्त्यासमोर घराण्यांतील जुने कागद असणें शक्य आहे, हें त्याच्या बाजूनें अवश्य नोंदवावें. पण शक्य असणें निराळें आणि दाखवून देतां येणें निराळें.

आतां दुसरी बाजू. रोहिडखोऱ्यांतील कारी गांवच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी जन्माची नोंद आहे. शकावली सांपडली म्हणून प्रश्न मिटला, असें मात्र नाहीं. तींत शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या नोंदी आहेत. ऐंशी वर्षांच्या नोंदी एकाच हातच्या कशा असतील? तेव्हां जन्माची नोंद त्या वेळच्या टिपणावरून उतरलेली कीं मागाहून आठवून घातलेली, हें विचारणें भागच आहे; आणि आपल्याला अनुकूल असलेल्या कागदासही हा प्रश्न जो विचारतो त्याच्याच निर्णयावर वाचक विश्वास ठेवितो. या प्रश्नाचें उत्तर शकावलीच्या आंत शोधून मिळत नाहीं, बाहेर शोधावें लागतें. परमानंद हा महाराजांच्या समकालीन कवि. त्याचें संस्कृत शिवभारत तंजावरच्या पोथीवरून १९२७ सालीं छापलें गेलें, आणि त्यांतही शके १५५१ फाल्गुन वद्य ३ हीच तिथी निघाली. जोधपूरकडील जुन्या कुंडल्यांच्या संग्रहांत महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच मताच्या बाजूस पडली. मावळांतला देशमुख, तंजावरची पोथी आणि मारवाडांतला जोतिषी यांनीं एकमेकांचें पाहून लिहिलें असें म्हणावयास कांहीं आधार नाहीं. दहा बखरींपेक्षां या तिघांची साक्ष जड होते ती एवढ्यासाठीं. संख्या नव्हे, परस्परांपासूनची अलिप्तता तोलावयाची असते.

वाराविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण गणित करून दाखविण्याचा कंटाळा हा विद्यार्थ्यांचा दुसरा मोठा दोष आहे. ‘ही तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते’ असें लिहून तो पुढें जातो. ती कशी आली? ही तारीख जुन्या, म्हणजे ज्यूलियन गणनेची आहे. नव्या ग्रेगोरियन गणनेनें तोच दिवस १ मार्च १६३० होतो. आणि गणित केलें असतां त्या दिवशीं शुक्रवारच येतो. शकावलीची नोंद येथें आपल्या आंतील कसोटीस उतरते. तथापि वार जुळला म्हणजे तिथी सिद्ध झाली, असें समजूं नये. सातांत एकदां तो नुसत्या योगायोगानेंही जुळेल. न जुळता तर मात्र नोंदीवर मोठें प्रश्नचिन्ह लागलें असतें. पुराव्याचें वजन नेमकें एवढेंच सांगावें, अधिक नाहीं व उणेंही नाहीं. दहा दिवसांच्या या फरकाची आठवण पुढेंही ठेवावी लागते. सतराव्या शतकांत गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत नवी गणना चालू होती, तर सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदांत जुनी. इंग्रजांनीं नवी गणना १७५२ सालीं स्वीकारली. हे दोन्ही कागद शेजारीं ठेवून जो घटनाक्रम लावतो व हा भेद नोंदवीत नाहीं, त्याच्या लेखांत उत्तर आधीं आणि पत्र मागाहून असा प्रकार घडतो.

पुरावा इतका एकवटूनही वाद लवकर शमला नाहीं. सरकारनें १९६६ सालीं नेमलेल्या समितींत एकमत झालें नाहीं, आणि फाल्गुन वद्य तृतीयेची तारीख सरकारदरबारीं मान्य होण्यास २००१ साल उजाडलें. विद्यार्थ्यानें यावरून निराश होऊं नये. लेख निर्णायक व्हावा अशी अपेक्षा नाहीं. तो तपासतां यावा, एवढीच आहे.

पेशवाईच्या कागदांकडे वळल्यास तपासणीची गरज अधिकच जाणवते. तेथें सुहूर सन येतो, आणि तो अक्षरांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. यांत ५९९ मिळविले कीं इसवी सन निघतो, असें विद्यार्थी कोठें तरी वाचतो व सरसकट मिळवितो. परंतु हा सन मृगापासून सुरू होतो; मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले पाहिजेत. हें विसरलें तर पानिपतचा संग्राम, जो १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, तो १७६० च्या जानेवारींत जाऊन बसतो. आणि त्याच महिन्यांत, १० जानेवारी १७६० रोजीं, बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते! भाऊसाहेब तर त्या वेळीं दक्षिणेंतून निघालेही नव्हते. पानिपतासारख्या प्रसिद्ध प्रसंगीं ही चूक कोणाच्याही ध्यानांत येईल. एखाद्या पाटिलकीच्या तंट्याच्या पत्रांत ती आली तर कोण पकडणार? म्हणून मूळ सन, मूळ चंद्र व महिना जसे असतील तसे उतरून, त्यांपुढें आपलें गणित व मग इसवी तारीख द्यावी.

याच संबंधांत एक हकीकत सांगावीशी वाटते. आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यास आपल्या घरचे रुमाल मोठ्या विश्वासानें उघडून दिले. त्याचा लेख यथाकाल छापून आला. त्यांत एका पत्रांतील तीन ओळी आजच्या शुद्धलेखनाप्रमाणें दुरुस्त करून दिल्या होत्या, ‘एका खाजगी संग्रहांतील पत्र’ एवढाच त्याचा पत्ता होता, आणि तारीख ‘फेब्रुवारी १७६३’ अशी होती. पुढच्या पावसाळ्यांत माळा गळला, रुमाल भिजले, शाई फुटली. तें पत्र आज कोणास वाचतां येत नाहीं. जगांत त्या पत्राचें जें कांहीं शिल्लक आहे तें या तीन ओळी. विद्यार्थ्यानें फेब्रुवारीस लागू असणारे ६०० मिळविले असतील तर साल बरोबर. सवयीनें ५९९ मिळविले असतील तर पत्र १७६४ चें. यांतलें कोणतें खरें, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं, कारण मूळ सन त्यानें छापलाच नाहीं.

संग्राहकांस हें वाचून वाईट वाटेल, पण नवल वाटणार नाहीं. कागद छापणारा हा त्या कागदाचा शेवटचा वाचक ठरण्याचा संभव नेहमींच असतो, असें धरून लेख लिहिला पाहिजे. कागद कोणाच्या दप्तरांतला, कोणत्या रुमालांतला, अस्सल कीं नक्कल, शिक्का आहे कीं नाहीं, शेवटचें मोर्तब आहे कीं पान तेथेंच फाटलें आहे, एवढें तरी आलेंच पाहिजे. मालकाची नांव देण्यास हरकत असेल तर तेंही स्पष्ट सांगावें. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत व ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. तेव्हां शब्द तोडणें हेंच मुळीं अर्थ लावणें आहे, आणि जेथें दोन प्रकारें तोडतां येत असेल तेथें दोन्ही वाचनें द्यावीं. न लागलेलीं अक्षरें टिंबांनीं दाखवावीं. आपलें अनुमान कंसांत, कागदाचें बोलणें कंसाबाहेर.

लिहिण्याच्या क्रमाविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. टिपणें वहींत न लिहितां सुट्या चिठ्ठ्यांवर लिहावीं, एका चिठ्ठीवर एकच नोंद, म्हणजे पुरावा वाढला तरी जागा बदलतां येते. दुसऱ्यानें दिलेला उतारा मूळ ग्रंथ उघडल्यावांचून घेऊं नये. चुकीचा पृष्ठांक तीन पिढ्या चालत आलेला आम्हीं पाहिला आहे. प्रथम पुराव्याचा भाग लिहावा, मग प्रतिपक्षाचा, आणि प्रस्तावनेचीं तीं दोन वाक्यें हातांत घेऊन शेवटीं पुन्हां पाहावें, कीं आपण विचारलेल्याच प्रश्नाचें उत्तर दिलें आहे कीं भलत्याच. पुष्कळदां असें दिसतें कीं उत्तर भलत्याच प्रश्नाचें आहे. अशा वेळीं प्रश्न बदलावा, पुरावा ओढूं नये.

आमचे ते स्नेही अद्यापही विद्यार्थ्यांस कागद दाखवितात. मात्र रुमाल सोडण्यापूर्वीं ते एका कागदावर रुमालाची खूण, पानांची संख्या आणि उतरून घेण्याच्या पत्रांचे मूळ सन विद्यार्थ्याच्या हातानें लिहवून घेतात व त्याची एक प्रत आपल्यापाशीं ठेवितात. कांहीं विद्यार्थ्यांस हा अविश्वास वाटतो, असें त्यांच्या कानांवर आलें आहे. त्यांनीं ती रीत सोडलेली नाहीं.