स्प्रिंग ‘ओळखली’ म्हणजे नेमकं काय केलं?

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना मी हल्ली एक प्रश्न विचारतो. गाडीची जुनी स्प्रिंग काढून ‘तशीच’ दुसरी बसवायची, तर ‘तशीच’ हे ठरवायचं कसं?

परभणीतल्या गॅरेजात विचारा नाहीतर कुठे वाचा, उत्तर बहुतेक एकच मिळतं: रंगाचा ठिपका बघा, तारेची जाडी, वेटोळी आणि लांबी मोजा, जुळलं की दोन्ही बाजूंना जोडीने बसवा. जोडीने बदलण्याचा सल्ला योग्यच आहे, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. बाकीची पद्धत मात्र तपासून घ्यायला हवी.

गाडी बाजारात चालू असेल तर ठिपका कंपनीच्या तक्त्याशी जुळवता येतो. पण गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म घ्या. दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, रेनॉचं इंजिन असलेली ही स्पोर्ट्स कार आता बनत नाही. मालकाच्या हातात उरते फक्त जुनी स्प्रिंग. आणि तीच मूळची आहे कशावरून? आधीच्या मालकाने बदललेली असेल तर आपण चुकीचीच नक्कल करतोय.

दुसरा दोष मापाचा. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार १२ मिमी असताना रंगाच्या थरासकट १२.५ मोजली, तर चूक ४ टक्क्यांची दिसते. ताठपणाच्या हिशोबात ती जवळपास १८ टक्के होते. म्हणजे ज्या रंगावर ओळखीसाठी विसंबलो, त्यानेच माप बिघडवलं.

तिसरा दोष लांबीचा. वर्षानुवर्षं भार सोसून स्प्रिंग बसते. लोक म्हणतात ‘नरम पडली’. प्रत्यक्षात लांबी कमी होते, ताठपणा जवळपास तोच राहतो. म्हणून जुन्या स्प्रिंगची लांबी जुळवली तर नवी स्प्रिंगही गाडी खालीच ठेवणार.

मग करायचं काय? जे हवंय तेच मोजा. स्प्रिंग प्रेसमध्ये, जाळीच्या आड, वजनकाट्यावर ठेवून टप्प्याटप्प्याने दाबा. ताठपणा मिलिमीटरला २५ न्यूटन असेल, तर दर ५० किलोला ती सुमारे २० मिमी दबेल. चार-पाच वाचनं घ्या, आलेख काढा, उतार बघा. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचंच प्रॅक्टिकल आहे हे. जाळी मात्र टाळू नका. हीच स्प्रिंग १५० मिमी दाबली की तिच्यात सुमारे २८० ज्यूल ऊर्जा साठते. १० किलोचं ओझं पावणेतीन मीटरवरून पडावं, त्याहून थोडी जास्तच. निसटली तर हात जातो.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी भुकटीचा रंग जुळला म्हणून संयुग तयार झालं असं धरलं आणि पुढची मापनं करत बसलो. क्ष-किरण विवर्तनात दोन वेगळे घटक निघाले. तीन महिन्यांचं काम गेलं. दोष भुकटीचा नव्हता; दिसण्यालाच मी ओळख समजलो होतो.

म्हणून संशोधनाचा आराखडा लिहिताना ‘नमुना ओळखला जाईल’ असं वाक्य आलं की थांबा. कोणत्या गुणावरून, कशाशी ताडून आणि किती चुकीच्या मर्यादेत, हे तिथेच लिहा. मुलाखतीत आधी तेच विचारतील. नाही विचारलं, तर पुढे प्रयोगशाळेत विचारलं जाईलच.