विटाळाचा इंग्रजी शब्द

स्त्री-पुरुष समता व सामाजिक न्याय या विषयांवर इंग्रजीतून बोलता यावे म्हणून मुलामुलींकडून शब्द पाठ करवून घेण्याचा उद्योग सध्या जोरात आहे. स्पर्धा परीक्षांचे वर्ग, स्वयंसेवी संस्थांची शिबिरे, परदेशी शिष्यवृत्तीच्या मुलाखतींची तयारी, सगळीकडे या शब्दांच्या याद्या फिरतात. जेंडर इक्वॅलिटी, एम्पॉवरमेंट, डिस्क्रिमिनेशन, स्टिरिओटाइप, प्रिव्हिलेज, ग्लास सीलिंग. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, खाली वापरून दाखविलेले एक वाक्य. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, म्हणून या याद्या माझ्या टेबलावर येऊन पडतात. आपल्याकडे कवितांची समीक्षा होते, आत्मकथनांची होते. या याद्यांची कोणी करीत नाही. ती झाली पाहिजे असे माझे मत आहे. कारण आज खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलींची समतेच्या विचाराशी पहिली गाठ कवितेतून पडत नाही, अशा यादीतून पडते.

इंग्रजी शिकण्याला माझा विरोध आहे असे मात्र कोणी समजू नये. मायबोलीचा अभिमान बाळगा असा उपदेश आम्हाला करणारे आपली मुले कोणत्या शाळेत घालतात, हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याची हाक दिली, ती नोकरीपुरती नव्हती. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' मराठीत लिहिली, पण तिला प्रस्तावना इंग्रजीतही जोडली आणि पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना. शूद्रातिशूद्र आणि स्लेव्ह हे शब्द तोवर कोणत्याही कोशाने एकमेकांसमोर आणून उभे केले नव्हते. ते काम जोतीरावांनी केले. प्रतिशब्द शोधणे ही त्यांच्या लेखी राजकीय कृती होती.

बाबासाहेबांचे उदाहरण तर याहून महत्त्वाचे आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षे होते. मानववंशशास्त्रज्ञांच्या कोठारातला एंडोगॅमी, म्हणजे जातीतल्या जातीत विवाह, हा शब्द त्यांनी उचलला आणि त्यावर सगळी मांडणी उभी केली. जात टिकवायची तर बाईवर ताबा हवा. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य, म्हणून बालविवाह. जातीचा प्रश्न व बाईचा प्रश्न एकाच गाठीचे आहेत हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी इंग्रजीतच सांगून ठेवले. आता माझ्या टेबलावरची कोणतीही यादी उघडून पाहा. त्यात जेंडरचे पान निराळे आणि कास्टचे पान निराळे, बहुधा त्याहून आखूड. एंडोगॅमी हा शब्द दोन्ही पानांवर नसतो.

यादीतली वाक्ये वाचली म्हणजे तिच्या पोटात काय आहे ते कळते. या वाक्यांतली स्त्री कचेरीत काम करते, तिला बढती मिळत नाही, तिचा नवरा स्वयंपाकघरात मदत करीत नाही, आणि पुढे ती काचेचे छत फोडते. तिचे दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण सकाळी सात वाजता येऊन त्या कचेरीच्या काचा पुसून जाणारी बाई यादीत कुठेही सापडत नाही. एम्पॉवरमेंटचा अर्थ सक्षमीकरण असा दिलेला असतो व उदाहरणात बचत गटातल्या बायका पापड लाटतात. जमीन कोणाच्या नावावर, पाणवठा कोणाच्या ताब्यात, हे प्रश्न या शब्दाच्या आसपास फिरकत नाहीत.

वर्गात एकदा एका मुलीने विचारले, विटाळाला इंग्रजीत काय म्हणतात? मागच्या बाकावरून कोणी पोल्यूशन म्हणाले आणि सगळे हसले, कारण पोल्यूशन म्हटले की त्यांना कारखान्याचा धूर आठवतो. समाजशास्त्राच्या ग्रंथांत तो शब्द विटाळाच्या अर्थाने येतो हे खरे. पण मुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही. मराठीत बाई बाजूला बसली तरी विटाळ आणि महारामांगाची सावली पडली तरी विटाळच. शब्द एक, कारण ती व्यवस्था एक. इंग्रजी यादीत मात्र पहिल्यासाठी मेन्स्ट्रुअल टॅबू आणि दुसऱ्यासाठी अनटचेबिलिटी असे दोन शब्द मिळतात, तेही दोन वेगळ्या पानांवर. जी मुलगी दोन्ही विटाळ एकाच अंगावर वागवते, तिचे यादी दोन तुकडे करते. चौदाव्या शतकात सोयराबाईने देहाच्या विटाळाविषयी प्रश्न केला तो हा एक शब्द हाताशी होता म्हणून. त्याचे भाषांतर करताना शब्द फुटला, तर तिचा प्रश्नही फुटतो.

म्हणजे मराठी निर्दोष आणि इंग्रजी सदोष असेही नव्हे. याच्या उलटही घडते. 'विनयभंग' हा शब्द घ्या. १८६०च्या दंडसंहितेतल्या मॉडेस्टीचे हे मराठी रूप. भंग व्हायचा तर आधी विनय असला पाहिजे, आणि तो आहे असे कोणीतरी मानले पाहिजे. बांधावर खुरपणाऱ्या दलित बाईच्या ठायी गावाने विनय कधी मानला होता? २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही मॉडेस्टी तशीच बसून आहे. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातसुद्धा ती होती. पण २०१५च्या दुरुस्तीने त्या कायद्यात संमतीवाचून केलेला स्पर्श अशी भाषा आली. विनय ही समाजाने द्यायची गोष्ट आहे, संमती ही बाईने. कन्सेंट हा शब्द म्हणूनच मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. असे शब्द इंग्रजीतून आले तर हवेच आहेत. ऑनर किलिंगसारखे मात्र पारखून घेतले पाहिजेत. मारणाऱ्याने आपल्या कृत्याला दिलेले नाव आपण बातमीत जसेच्या तसे छापतो, आणि त्यातून जात अलगद गळून पडते.

कोणत्याही यादीवाचून आमच्या वस्त्यांनी आत्मसात केलेला एक इंग्रजी शब्द आहे, तो म्हणजे ॲट्रॉसिटी. चौथी शिकलेली म्हातारीदेखील तो बिनचूक उच्चारते. कायद्याचे लांबलचक नाव कोणी घेत नाही. 'ॲट्रॉसिटी लावली' म्हटले की पुरते. त्याच शब्दाचा धाक सांगत सवर्ण पुढारी मोर्चे काढतात, म्हणजे तो दोन्ही बाजूंना नीट समजलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१८च्या निकालाने त्याची धार बोथट केली, तेव्हा देशभर लोक रस्त्यावर आले आणि संसदेला त्याच वर्षी दुरुस्ती करावी लागली. तरीही हा शब्द लागेल की नाही हे शेवटी दुसरे कोणी ठरविते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, त्यांत आई व मुलगी होत्या. २००८ साली सत्र न्यायालयाने आरोपींना खुनासाठी दोषी ठरविले, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही असे म्हटले. २०१० साली उच्च न्यायालयातही हे सूडाचे प्रकरणच राहिले. सूड आणि ॲट्रॉसिटी यांतला फरक कोशात दोन ओळींचा आहे. आमच्यासाठी तो किती मोठा आहे, हे यादी करणाऱ्याला ठाऊक असते तर त्याने हा शब्द वगळला नसता.

अलीकडे याद्यांत इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द दिमाखाने येऊ लागला आहे. किम्बर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय अमेरिकन कायदेपंडित बाईंनी तो १८८९ नव्हे, १९८९ साली मांडला. सनाचा खुलासा अशासाठी की पुष्कळ मुलांना ही कल्पना फार जुन्या काळापासून साहेबाकडे होती असे वाटते. जनरल मोटर्सविरुद्ध दाद मागणाऱ्या काळ्या कामगार स्त्रियांना न्यायालयाने म्हटले होते की वंशाची तक्रार करा किंवा स्त्री म्हणून करा, दोन्ही मिळून नवी तक्रार होत नाही. या अडवणुकीतून तो शब्द जन्मला. आदराने घ्यावा असाच आहे. मात्र १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते, तो निबंध 'ज्ञानोदया'त छापला जातो, आणि त्यात बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते हे ती सांगते. जात, दारिद्र्य आणि बाईचे शरीर तिने एका दमात मांडले आहे. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली तेव्हा त्यांच्याजवळही पेट्रिआर्की हा शब्द नव्हता. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली व शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीच्या वेगळ्या बोलण्याविषयी इंग्रजीत लिहिले, तेव्हा कुठे विद्यापीठांना ऐकू आले. क्रेनशॉबाईंच्या शब्दाखाली उदाहरण म्हणून मुक्ता का येत नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

ग्रंथांच्या नावांचेही असेच होते. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. २००८ साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. भाषांतर मनापासून केलेले आहे आणि त्यामुळे बेबीताई जगभर वाचल्या जातात, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण इंग्रजी शीर्षकात तुरुंग फोडल्याची घोषणा आहे, मूळ शीर्षकात नुसते जगणे आहे, आणि ते 'आमुचं' आहे. इंग्रजी वाचकाला मुक्तीची गोष्ट आधी लागते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'चेही तसेच. आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू, सुपे, टोपल्या, पोट भरण्यासाठी आईने जन्मभर केलेले काम. इंग्रजीत त्याचे आयुष्याचा वीण असे झाले. प्रतिमा सुंदर आहे, पण त्यातून टोपली गेली.

इंग्रजी शब्द अपुरा पडला तर काय करावे, हेही बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. संविधानाच्या उद्देशिकेत फ्रॅटर्निटी आहे, मराठीत तिची बंधुता झाली. दोन्हींत भाऊच आहेत, बहीण नाही. बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये, जे १९८७ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयात छापले, फ्रॅटर्निटी हा शब्द पुरेसा नाही असे म्हणून बुद्धाचा मैत्री हा शब्द घेतला आहे. ऐन इंग्रजी ग्रंथात, इंग्रजी शब्द बाजूला सारून. त्यांना इंग्रजी येत नव्हते म्हणून नव्हे. ज्याला ती भाषा पुरती येते त्यालाच ती कुठे थिटी आहे हे सांगता येते, आणि आमच्या मुलींना इंग्रजी शिकवायचे ते इथपर्यंत पोहोचण्यासाठी. विटाळ हा शब्दही तसाच इंग्रजीत न्यावा. 'दलित' हा शब्द इंग्रजी कोशांत गेला तो कोणी प्रतिशब्द शोधीत बसले नाही म्हणून. २०१८ साली केंद्राने प्रसारमाध्यमांना तो टाळण्याचा सल्ला दिला, तरी तो कोशातून निघाला नाही.

मी आता यादी वाटताना शेवटी काही ओळी रिकाम्या ठेवते व मुलींनी घरून शब्द आणावेत असे सांगते. उष्टे, टाकलेली, वरातीची वाट, असे शब्द येतात. गेल्या वर्षी आमच्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलींनी 'कोयता' आणला. यादीत वेज गॅप हा शब्द होता, स्त्रीला पुरुषापेक्षा कमी वेतन. त्या मुलींना तो लागू करता येईना. मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो, उचल नवऱ्याच्या हातात देतो, खाडा झाला तर दंड जोडप्याचा कापतो. बाईला कमी मजुरी मिळते असे म्हणायचे तर आधी तिची मजुरी वेगळी मोजली गेली पाहिजे. ती मोजलीच जात नाही. पाळीत खाडा नको म्हणून गर्भाशये काढली जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. मुलींनी वहीत वेज गॅपसमोर काट मारली नाही. त्याखाली कोयता लिहिला आणि इंग्रजीत त्याचा अर्थ चार वाक्यांत दिला. वाक्यांत व्याकरणाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून मी वही परत केली.