पिकतं तिथं विकत नाही

प्रीमियर पद्मिनीचा विषय निघाला, की लोक गिअरच्या दांडीवर बोलतात, दारांवर बोलतात. इंजिनाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. अहो, ते १०८९ सीसीचं फियाटचं घराणं! १९३७ सालचं, इटलीतलं. चिसिटालियावाल्यांनी त्यातलंच इंजिन उचललं, कॉम्प्रेशन वाढवलं आणि १९४७च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ५४ वर्षांच्या नुवोलारीनं त्याच्या जिवावर दुसरा नंबर काढला. आपण काय केलं? चाळीसेक अश्वशक्तीवर सहा माणसं कोंबली, टपावर ट्रंका लादल्या आणि घाटात वाफ आली की म्हणालो, "इंजिनात दमच नाही!" २०२३ साली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. गवयाच्या घरातला मुलगा आपण जन्मभर भाजीच्या गाडीवर ओरडायला ठेवला. त्याचा आवाज बसला नाही, हेच नवल!